आठ मिलिमीटर

मनिला, २२ डिसेंबर

प्रिय युमी,

हे कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर लिहिलेलं पाच मिनिटांत कुणाच्या तरी गटात फिरायला लागतं. कोच इस्तोय उद्याच्या बोटीने दुमागेतेला निघतायत, त्यांच्या हाती देते आहे. आत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. "पोरीला आधी जेवू घालतो, मग देतो," एवढंच म्हणाले. तेव्हा तू जेवली आहेस असं धरून चालते. पत्र तुझ्या आठशे मीटरच्या विक्रमाबद्दल आहे आणि पुढच्या वर्षीच्या आशियाई खेळांतल्या तुझ्या जागेबद्दल. दोन्ही जायची वेळ आली आहे. कशी, ते सांगायला मला थोडी जागा लागेल. मधे थांबू नकोस.

शनिवारी जलतरण महासंघाचा नाताळचा कार्यक्रम झाला. आधी प्रार्थना, मग वार्षिक अहवाल, मग भाजलेलं डुक्कर, मग सोडत, मग गाणी. अहवालाचं नाव 'मागे वळून, पुढे झेपावून'. एकशे चार पानं. मी सगळी वाचली. त्या दालनात बहुधा मी एकटीच. अध्यक्षांचे एकतीस फोटो आहेत आणि एकाही फोटोत ते ओले नाहीत. 'या वर्षाने आम्हाला काय शिकवले' असं एक प्रकरण आहे. शिकवलं ते असं : एकजूट, कृतज्ञता, सकारात्मकता. मग पुढच्या दहा वर्षांचा आराखडा, रंगीत चित्रांत पाच नवे तलाव, प्रत्येकाच्या काठावर हसणारी मुलं. आपल्या गावच्या तलावाचा पंप चौदा महिने बंद आहे, पाण्यावर शेवाळ धरलंय आणि धाकटी पोरं बंदराजवळ समुद्रात सराव करतात, याबद्दल एकशे चार पानांत एक ओळ नाही. आणि सातव्या पानावर, पान भरून, तू. हात वर, टोपी अर्धी निघालेली. खाली 'ऐतिहासिक वर्षाचा मुकुटमणी'.

तो फोटो मी काढलेला नाही, पण त्या क्षणी मी तिथे होते. वेळ मोजणाऱ्या टेबलावर, तुझ्यापासून सहा मीटरवर. पडद्यावर ८:५३.०४ आलं तेव्हा तू आधी पडद्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. कारण आधीचा आकडा, ८:५३.१०, माझा होता. नऊ वर्षं होता. मी हसले ते तुला दिसलं असेल. ते हसू खरं होतं, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे काही लोक तुला वेगळं सांगतील.

आता मोजमाप. सान इसिद्रोचा नवा तलाव मे महिन्यात मीच मोजला, लेझरने, दहाही लेन, प्रत्येक लेन तीनदा. चौथी लेन भिंतीपासून भिंतीपर्यंत ५०.०१२ मीटर भरली. पोहणाऱ्याचा हात लागला की वेळ नोंदवणारी स्पर्शाची पाटी एक सेंटिमीटर जाड असते. ती एका टोकाला टांगली की उरतात ५०.००२. नियमात बसतं, जेमतेम. म्हणून मी दाखल्यावर लिहिलं : 'पाट्या फक्त सुरुवातीच्या टोकाला लावल्यास वैध.' आणि सही केली. दुसऱ्या टोकालाही पाटी लावली की उरतात ४९.९९२. आठ मिलिमीटर कमी. आठशे मीटरला सोळा फेऱ्या, म्हणजे बारा सेंटिमीटर आणि आठ मिलिमीटर. तुझ्या वेगाने ते सेकंदाचे साडेआठ शतांश होतात. तू माझ्यापेक्षा सहा शतांशांनी पुढे होतीस.

जूनमध्ये, तू विक्रम केलास त्या स्पर्धेच्या पहिल्या सकाळी सहा वाजता मी त्या तलावावर पोचले, तर दोन्ही टोकांना पाट्या. अध्यक्षांना टीव्हीवर दर पन्नास मीटरला आकडे नाचताना हवे होते. मी तांत्रिक प्रमुखांकडे गेले. तुमांग सर तेव्हा भात आणि तळलेली मासळी खात होते. मी दाखला पुढे धरला. त्यांनी हात पुसले, वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "पुवेदे ना." चालून जातंय. मी म्हटलं, नाही चालत, सर, तलाव आखूड होतो. ते म्हणाले, "इंजिनिअर, आठ मिलिमीटर म्हणजे माझं नख. नखासाठी टीव्हीवाल्यांना परत पाठवू?" शेजारचे दोघं हसले. मग त्यांनी मला मासळी दिली.

युमी, हे दोन शब्द मला आता ऐकवत नाहीत. छत गळतंय, पुवेदे ना. पंप जळलाय, समुद्र आहे की, पुवेदे ना. आपण सगळेच ते म्हणतो, आणि गरिबीत ते म्हणावं लागतं हे मला कळतं. माझी आई तीन पोरांच्या गणवेशांवर तेच म्हणत आली. पण ज्यांच्याकडे टीव्हीसाठी दहा जादा पाट्या आणायची ऐपत होती, त्यांना दाखल्यावरची एक ओळ वाचायची ऐपत नव्हती? कोच इस्तोयचा दोर आठवतो? गाठी मारलेला, दोन होड्यांमधे ताणलेला. शंभर मीटर म्हणायचे आणि आपण रडत पोहायचो. मी कॉलेजला गेल्यावर तो दोर एकदा मोजला, एकशे तीन भरला. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ठाऊक आहे की. भिजला की लांबतो. जास्त पोहलात, कमी नाही ना? मग ओरडतेस कशाला?" शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्याला कळतं की चूक व्हायचीच असेल तर कुठल्या बाजूला होऊ द्यायची. महासंघात सात पदवीधर आहेत.

तू विचारशील, मग ताई, त्याच सकाळी तू यंत्र बंद का केलं नाहीस? बटण माझ्या बोटाखाली होतं. उठून गेले असते तर स्पर्धा थांबली असती, दोनशे सत्तर पोरं परत गेली असती, आणि त्यात तूही. मी तक्रार लेखी दिली आणि बटण दाबत राहिले. चार दिवस. माझा राग महासंघावर आहे, पण तो सगळाच्या सगळा त्यांच्यावर नाही.

स्पर्धा संपली त्या दुपारी, पाट्या उतरवायच्या आधी, मी पुन्हा मोजलं. दहाही लेन आखूड. म्हणजे 'ऐतिहासिक वर्षा'चे अकराच्या अकरा विक्रम गेले. नियम वजाबाकी करत नाही; तलाव आखूड असेल तर तू सहा शतांशांनी विक्रम मोडलास की आठ सेकंदांनी, त्याने फरक पडत नाही, ते पोहणंच झालं नाही असं धरतात. मी जूनमध्ये कळवलं. जुलैमध्ये आठवण दिली. सप्टेंबरमध्ये मला बोलावलं. सरचिटणीस एस्गेरा बाईंनी थंड कॉफी पाजली. माझी सही हवी असते तेव्हा हे लोक 'इंजिनिअर' म्हणतात आणि गप्प बसवायचं असतं तेव्हा 'पोरी', हे तुला माहीत आहेच. त्या दिवशी पहिल्या वाक्यापासून पोरी. "पोरी, देशाला आनंद झालाय, तो आपण का बिघडवायचा? आणि लोक काय म्हणतील, हा विचार केलास? तुझाच आकडा मोडला ना तिनं?" इतक्या मायेने म्हणाल्या की मला क्षणभर ती धमकी आहे हे कळलंच नाही.

म्हणून मी चार महिने गप्प बसले. तेवढी खोच पुरली. मी स्वतःला सांगत राहिले की अजून पुरावे हवेत. पुरावे जूनपासून होते. मला भीती वाटत होती की तूही तेच म्हणशील. ऑक्टोबरमध्ये मी गावी आले तेव्हा वेशीवर तुझा बारा फुटी फलक होता, तुझ्या चेहऱ्यापेक्षा महापौरांचा चेहरा मोठा. तुझी आई बाजारात तांदळाचे पुतो आणि गरम चॉकलेट विकता विकता मला म्हणाली, "वेंग, तू हरलीस म्हणून वाईट नको वाटून घेऊ हां, गावातच राहिलं ना शेवटी." आणि पैसे घेईना. मी चॉकलेट प्याले आणि काहीही न सांगता परत आले. मोजमापात मी चुकत नाही, युमी. बाकीच्या गोष्टींत चुकते.

आणि मग शनिवार. अहवालाच्या शेवटी परिशिष्ट आहे, 'तांत्रिक पारदर्शकता'. तिथे माझा दाखला छापलाय. माझी सही, माझा परवाना क्रमांक, दहा लेनची दहा मापं. फक्त एक ओळ नाही. 'पाट्या फक्त सुरुवातीच्या टोकाला' ही ओळ कापून वरचा आणि खालचा मजकूर इतका सफाईने जोडलाय की मलाच वाटलं, मी लिहिली होती ना? त्या कागदाच्या जोरावर ते तुला खेळांना पाठवणार. तिथे कुठल्याही देशाने बोट दाखवलं की मूळ दाखला मागतात. मग तू परक्या गावात, गणवेशात, सामानासह परत. आणि हे लोक माझा कागद पुढे करतील : मोजणारीने सही केली होती.

मी तुमांग सरांना दालनातच गाठलं. ते म्हणाले, "अगं, जागा पुरत नव्हती, छपाईवाल्याने कापली असेल." एकशे चार पानांत जागा पुरत नव्हती. तेवढ्यात सोडतीत माझा क्रमांक निघाला. टेबलपंखा. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने दिला आणि ध्वनिक्षेपकात म्हणाले, "इंजिनिअर, घे, डोकं थंड ठेव!" दीडशे लोक हसले. म्हणजे दीडशे लोकांना माहीत होतं. मी पंखा घेतला, आभार मानले आणि घरी आले. तो अजून खोक्यात आहे.

आता हे का लिहिलं ते. आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी मूळ दाखला, दुसरं मोजमाप आणि कापलेलं पान आशियाई संघटनेला पाठवलं, प्रत महासंघाला. अकराही विक्रम रद्द होतील. तुझाही. तुला न विचारता केलं, कारण विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, मग तो निर्णय तुझ्या डोक्यावर बसला असता, आणि शिव्या तुला पडल्या असत्या. त्या मलाच पडू देत. गावात म्हणतील वेंग जळली. तुझी आईही म्हणेल. त्याला माझा इलाज नाही. पण निवडीचा नियम अजून तोच आहे : वीस जानेवारीच्या आत राष्ट्रीय विक्रम मोडणारी जाते. अकरा जानेवारीला सेबूला विद्यापीठाच्या तलावावर मान्यताप्राप्त स्पर्धा आहे. तलाव मी काल मोजून आले, दोन्ही टोकांना पाट्या लावूनसुद्धा प्रत्येक लेन पन्नास मीटरच्या वर. पंच तिघंही बाहेरचे, आणि घड्याळाला मी हात लावणार नाही, लावायलाही नको. प्रवेशअर्ज या पत्रासोबत आहे, कोचची सही झाली आहे, तुझी बाकी आहे, पाच तारखेच्या आत पोचायला हवा. मी प्रेक्षकांत बसेन, वाटेल तितक्या लांब. तुला माझं तोंड पाहायचं नसेल तर तसं कळव, मी भिंतीबाहेर उभी राहीन. विक्रम रद्द झाले की आठशेच्या रकान्यात पुन्हा माझं नाव येईल. ते मला तिथे नकोय. मी ते कुणाच्या सहीने काढू शकत नाही, ते फक्त पाण्यात निघतं. ये, आणि मोड.

तुझीच, आणि अकरा तारखेपर्यंत तुझी प्रतिस्पर्धी,
वेंग