मालडब्यावरचं कुंकू

खंडेनवमी, धाराशिव. संध्याकाळ.

डोकं फिरलंय नुसतं. जुन्या छोट्या रेल्वेलाइनीच्या मालडब्याचं मॉडेल म्या तीन महिने खपून केलं, एकेक रिव्हेट फोटोवरून मोजून. आन् अण्णांनी आज ते हत्यारांच्या पूजेत मांडून दारावर ओल्या कुंकवाचं बोट ओढलं! रंगात मुरलं की ते!

"अण्णा, तुम्ही वाटोळं केलं. खरा डबा असा नव्हता!"

येडशी स्टेशनात जन्मभर मालडबे भरलेला माझा बाप. म्हणाले, "असाच होता. दर खंडेनवमीला कुंकू लावायचो आमी. तुझंच बोट धरून."

मला का आठवत न्हाय? लई चीड येतीय. रिव्हेट सगळे मोजले, आन् स्वतःचं बोट विसरलो.

कुंकू पुसायला घेतलेला बोळा फेकून दिला.