अकरा कॉलरी

प्रिय ताई,

लेकाला नकार कळवला नसशील तर जरा थांब. धाकट्या बहिणीला एकटी सोडून तुमच्याकडे राहायला कशी येऊ, असं तू म्हणालीस, हे तुझ्या सुनेनं मला सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. (तसं नाही गं, साधंच!) तेव्हा आधी माझी हकिकत वाच, मग ठरव.

आधी रडगाणं. परवा डॉक्टरीणबाईंनी माझी परीक्षा घेतली. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते. दोन आठवले, तिसरा मी मनाचाच घुसडला. शंभरातून सात-सात वजा करताना त्र्याण्णवला जी बसकण मारली ती मारलीच. बायपोलरच्या जुन्या पेशंटांचं उतारवयात असं होतं म्हणे, सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणांचं. माझं झालंय खरं. शिलाईच्या दुकानात मालकीणबाईनं एका दमात तीन कामं सांगितली, तर मी तिसरं तेवढं केलं. आता ती एकेकच काम देते, चिठ्ठी कापडाला टाचून.

मग त्यांनी विचारलं, जेवता कुणाबरोबर, भांडता कुणाशी? इथे मात्र मी पैकीच्या पैकी! माझ्या शेजारच्या मशीनवर काजं करणारी बाई बसते, आम्ही तिला काजवालीच म्हणतो. तोंडाची महा फटकळ. रोज माझ्या डब्याला नावं ठेवते आणि रोज अर्धा संपवते. माझा आजार मी तिला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकला. तिनं विचारलं, मग मी काय करायचं? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं गं. मी म्हटलं, खडूची रेघ न मारता कात्री चालवायला लागले की मला थांबव.

आता रागावू नकोस. गेल्या महिन्यात मला चढलं होतं, आजाराचं उधाण. अकरा कॉलरी मी रेघेशिवाय सटासट कापल्या. बारावीला काजवालीनं हातातली कात्री काढून घेतली. मी तिला नाही नाही ते बोलले. ती मला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. गोळ्या बदलल्या, दोन-तीन आठवड्यांत गाडी रुळावर आली. मालकीणबाईनं त्या वाकड्या कॉलरींची फडकी केली आणि मला पुन्हा कामावर बसवलं. मागे तुझ्या घरातले सगळे पडदे कापून मी गल्लीतल्या पोरींना झगे शिवले होते, तेव्हा चार महिने अंथरुणात आणि दोन वर्षं शरमेत गेली होती. या वेळी शनिवारी आम्ही दोघी बागेत फिरायला गेलो. मी मजेत आहे, ताई.

हे तुला का लिहितेय? गेल्या महिन्यातल्या त्या दिवसांतही तुझा रोज सकाळी फोन येत होता. झोप झाली का, तू विचारायचीस. झाली, मी म्हणायचे, रात्रभर डोळा लागला नसला तरी. आणि तुला पटायचं. तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून बावीस वर्षं मी तुझ्याशी शहाण्यासारखी बोलत आलेय, त्यात पार तरबेज झालेय. काजवालीपुढे मला नाटक करावं लागत नाही. म्हणून काल दवाखान्याच्या कागदावर, कुणाला कळवायचं त्या रकान्यातलं तुझं नाव मी खोडलं आणि तिचं लिहिलं. तिला विचारून. सुटलीस बघ तू. मीही सुटले. जा लेकाकडे. तिथून फोन कर, पण झोपेचं विचारू नकोस. लहानपणी फणीवरून भांडायचीस तशी कचाकचा भांड. मला माझी बहीण हवीय.

तुझीच, आणि तुझ्याशी भांडायला टपलेली,
धाकटी