आबा महाडात आले

१२ जून १९९९
माहेरून, शिवथरहून आबांना आणलं. आई गेल्यावर तिथं एकटं ठेवणं बरं नव्हतं. गाय सोडून यायला तयार नव्हते, म्हणून टेंपोत कपिलाही. बिल्डिंगमागं पत्र्याखाली बांधली. शेजारी नाकं मुरडतात. ह्यांचं एकच, "होईल सवय."

२० जून
आबा नीट जेवत नाहीत. नळाचं पाणी तोंडाशी नेतात, खाली ठेवतात. "दवाखान्याचा वास हाय गो ह्याला." कपिलाही वैरण हुंगून सोडते. दूध आटत चाललंय.

१९ जुलै
सहावीला अनुकूलन शिकवलं. उंट, निवडुंग, नेहमीचंच. फळ्यावर लिहिलं, बदल हळूहळू होतो, पिढ्यान्‌पिढ्या जाव्या लागतात. लिहिताना घरचे दोघं डोळ्यांपुढं. त्यांच्याकडे पिढ्या कुठल्या...

२ ऑगस्ट
कपिला दावं तोडून गेली. आबा भिजत गावभर फिरले. मंडईमागं सापडली, मोकाट गुरांत, ओला पुठ्ठा चघळत. आबांनी हाक मारली. पूर्वी रानातून धावत यायची. आज मान वर केली नाही.

२३ ऑगस्ट
आता बांधतच नाही. मंडईतच असते, चांगली अंगानं भरलीये. आबा म्हणाले, "गुराला जमलं."

१० ऑक्टो.
आबा टीव्ही बघतात. नळाचं पाणी पितात. भात आज तळाला लागला होता, मुकाट खाल्ला. आईला असल्या भातावरून केवढं बोलायचे. शिवथरचं नाव काढत नाहीत. हे खूश. "बघ, म्हटलं नव्हतं? रुळले." मी हो म्हटलं.

६ नोव्हें.
कपिला मेली. पोट फुगून मंडईतच आडवी. गुरांचे डॉक्टर म्हणाले, प्लॅस्टिकच्या पिशव्या, दुसरं काही नाही. म्हणजे भरली होती ती... घरी येऊन आबांना सांगितलं. "बरं," म्हणाले. टीव्हीकडं बघत राहिले. मला वाटलं होतं रडतील. रडले असते तर बरं झालं असतं.

२१ नोव्हें., रवि.
ह्यांना न सांगता आबांना एस्.टी. स्टँडवर नेलं. शिवथरची गाडी लागली होती. म्हटलं, "चला आबा, दिवसभर घरी बसू, संध्याकाळी येऊ."
आबा पायरीपाशी थांबले. दांड्याला हात लावला, काढला.
"नको गो. परत यावं लागंल."
कंडक्टरनं दोनदा विचारलं. मग बेल दिली. गाडी गेली तरी आम्ही तिथंच उभे होतो. आबांचा हात धरला, तर गार. घरी चला म्हणायला तोंड उघडलं, पण कुठल्या घरी?