ताबा माझ्याकडे

सोमवार, ४ मार्च
नाही सोडणार! जिन्याचं ड्रॉइंग मी काढलंय, ताबा माझ्याकडेच राहील.

आजपासून ऑफिसात एकच डेस्कटॉप, चौघांच्या स्क्रीनवर एकाच वेळी. प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा बाण. दिसतं सगळ्यांना, पण रेघ हलवायचा ताबा एका वेळी एकाकडेच. आपलं झालं की सोडायचा म्हणे. का? पहिल्याच तासात इंजिनिअरबाईंनी माझं लँडिंग, जिन्याच्या वळणावरचा सपाट टप्पा, चार इंच आत सरकवलं — न विचारता! मी ते जागेवर आणलं आणि ताबा धरून बसलो. जेवायला उठलो तेव्हाही सोडला नाही.

मंगळवार, ५ मार्च
वेल्डर वर्कशॉपातून हेडफोनमध्ये ओरडत होता. “मास्तर, त्या वळणात माझं अवजार शिरत नाही हो! ताबा द्या, दाखवतो.” म्हटलं, तोंडाने सांगा. “तोंडाने सांगता आलं असतं तर वेल्डर कशाला झालो असतो?”

नाही म्हणजे नाही. कॉलेजची पायरी न चढता, रात्री जागून हे शिकलोय. चौघांनी मिळून एक रेघ मारता येत नसते.

घरी सांगितलं. बायको म्हणे, “त्यात नवल काय? टीव्हीचा रिमोट तरी कधी सोडलात?”

बुधवार, ६ मार्च
एकही बाण फिरकला नाही. आली अक्कल!

गुरुवार, ७ मार्च
आजही सामसूम. कठड्याचे गज पुन्हा तपासले. सगळे बरोबर. दाखवायला मात्र कुणी नाही — जिंकणं जरा कंटाळवाणंच असतं.

शुक्रवार, ८ मार्च
आज जिना वर्कशॉपात जायचा. वेल्डरला फोन केला — पाठवतोय म्हटलं.

“मिळाला की! पायऱ्यांचे पत्रे कापायलासुद्धा घेतले.”

“अहो, मी अजून पाठवलाच नाही!”

तो चाचरत म्हणाला, “मास्तर... बाईंनी मंगळवारीच कॉपी काढली. आम्ही सगळे दुसऱ्या डेस्कटॉपवर असतो.”

म्हणजे इतके दिवस मी रिकाम्या खोलीला कुलूप लावून आत बसलो होतो!

शनिवार, ९ मार्च
गेलो त्या दुसऱ्या डेस्कटॉपवर. मान खाली घालून नाही! जिना माझाच, लँडिंग चार इंच आत, वळण मोकळं. चूक शोधायलाच बसलो — आणि सापडली. लँडिंग सरकवलं, वरचा कठडा तिथेच राहिला!

“ताबा द्या इकडे!”

बाई शांतपणे म्हणाल्या, “रांग आहे, मास्तर. आधी वेल्डर.”

रांगेत आहे.