पागोळीच्या आतला वेल

आये,

मी दारात द्राक्षाचा वेल लावला आहे. तू असतीस तर आधी माझ्याकडे बघितलं असतंस, मग डोंगराकडे, आणि आत निघून गेली असतीस. आपल्याकडे भात होतो, नागली होते, वरई होते. पावसाळ्यात अंगणातला दगडसुद्धा शेवाळतो, आणि थंडीत पहाटे गवत इतकं गार असतं की अनवाणी चाललं की पाय बधिर होतात. इथे द्राक्ष लावणारी बाई म्हणजे खुळीच. मी आता आपल्या गावच्याच शाळेत शिकवते. तू गेलीस तेव्हा मी डी.एड.ला होते, त्यामुळे हे तुला माहीत असायचं कारण नाही. तर शाळेतले मोठे सर मला म्हणाले, बाई, द्राक्षं खायचीच असली तर पेठच्या बाजारात मिळतात. मी हसून हो म्हटलं आणि संध्याकाळी खड्डा खणायला घेतला.

द्राक्ष म्हटलं की मला दिंडोरीकडचा तो मळा दिसतो. भात कापून, झोडून झालं की आपलं निम्मं गाव खाली मजुरीला उतरायचं, तूही जायचीस, आणि मी आश्रमशाळेत. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गोवराची साथ आली आणि पोरांना घरीच थांबवलं, म्हणून तू मला बरोबर नेलंस. मळ्याच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाची खोपटी, आत तीन दगडांची चूल, आणि समोर ओळीच ओळी. तू मांडवाखाली उभी आहेस. मान वर, हात वर, दिवसभर. घड विरळायचं काम चालू आहे. हिरव्या ज्वारीएवढ्या मण्यांचा घड डाव्या हातात अलगद धरायचा आणि बारक्या कात्रीने मधले मणी काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. तुझ्या शेजारच्या ओळीत मावशी. तुम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता बोलायचात आणि कात्र्या आपल्या चालत राहायच्या. मला तो आवाज फार आवडायचा.

एके दिवशी तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा तुझी कात्री मी उचलली. पालथ्या पाटीवर उभी राहिले आणि एक घड धरला. मुकादमाने ते पाहिलं, आणि रागावण्याऐवजी तो म्हणाला, हात बरा आहे पोरीचा, उद्यापासून लाव हिला. मला केवढा आनंद झाला होता. तू परत आलीस, ते ऐकलंस, आणि कात्री माझ्या हातातून काढून घेतलीस. मारलं नाहीस, आवाजही चढवला नाहीस.

"हे तुझ्या हाताला शिकवायचं नाय मला," तू म्हणालीस. "एकदा हात बसला की मग कोण सोडत नाय. जा, वहीत बस."

त्यानंतर मी तिथे होते तोवर तू मला मांडवाखाली येऊ दिलं नाहीस. खोपटीपाशी बसून मी पाढे लिहायचे आणि लांबून कात्र्यांचा आवाज ऐकायचे. तेव्हा मला वाटलं होतं, मी घड बिघडवला म्हणून तू चिडलीस. पुढे शिक्षक झाल्यावर, नोव्हेंबर लागला की माझा वर्ग निम्मा रिकामा व्हायला लागला. मळ्यांवर गेलेल्या पोरींमधल्या काही परत आल्याच नाहीत, आल्या त्यांच्या बोटांना कात्रीचे घट्टे होते. तेव्हा मला कळलं तू काय केलं होतंस ते.

त्याच मळ्यातली आणखी एक गोष्ट. थंडी फार पडली की मालक पहाटे ओळींच्या मधे ओला पाला पेटवून धूर करायला लावायचा, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. तुम्ही बायका डोक्याला फडकी बांधून अंधारात निघून जायचात. तू परत यायचीस तेव्हा तुझ्या लुगड्याला धुराचा वास असायचा, आणि तू मला जवळ घेऊन पुन्हा झोपायचीस, उजाडेपर्यंत. माझ्याकडे तेव्हा स्वेटर नव्हता. पुढच्या खेपेला तू नाशिकहून हिरवा स्वेटर आणलास, कोपरापर्यंत बाह्या दुमडून घालावा लागेल असा मोठा. तो मी आठवीपर्यंत वापरला.

आणि तू स्वतः कधी द्राक्ष खाल्लं नाहीस. हंगाम संपताना मालक द्राक्षांचं एकेक खोकं द्यायचा, ते तू गावात येईपर्यंत वाटून संपवायचीस. मी एकदा तुझ्या तोंडाशी मणी धरला तर तू मान फिरवलीस. म्हणालीस, औषधाचा वास येतो. मला तर कसलाच वास येत नव्हता. पण पानांवर, घडांवर काय काय मारलं जायचं आणि ते किती दिवस हातांना राहायचं, हे तुझ्याएवढं कुणाला माहीत असणार? मला वाटतं वेल लावायचं माझ्या मनात तिथूनच आलं. तू तोंडात घालशील असं द्राक्ष. औषधाशिवायचं, आपल्या दारातलं.

पहिला वेल मेला. मी तो अंगणाच्या मधोमध लावला होता, ऊन मिळावं म्हणून. पाऊस सुरू झाला तसे पानांवर तेलाचे थेंब पडल्यासारखे पिवळे डाग आले, मग पानांच्या पोटाला पांढरी बुरशी, आणि श्रावण संपायच्या आत नुसती काळी काडी उरली. उपटली तर मुळं कुजलेली. शाळेत कुणी हसलं नाही, पण विचारायचंही बंद केलं. आणि ते मला जास्त लागलं. मी ठरवलं, पुन्हा लावायचा. पाऊस तर मी थांबवू शकत नाही, पण वेल पावसातून बाजूला घेता येईल. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून मारतो. म्हणून घराच्या पूर्वेच्या भिंतीशी, पागोळीचं पाणी जिथे पडतं त्याच्या आत, दगडगोटे भरून उंच ओटा केला आणि त्यावर दुसरं कलम लावलं. माझ्या नवऱ्याने, तू न पाहिलेल्या तुझ्या जावयाने, पत्रे दीड हात पुढे वाढवून दिले. मोरचूद आणि चुन्याचं पाणी सोडून मी त्यावर काही मारलं नाही. त्या पावसाळ्यात वेल जगला. दुसऱ्या पावसाळ्यात पत्र्याला जाऊन टेकला. पाहुणे त्याच्या सावलीत बसायला लागले, पण घड मात्र एकही नाही. दसऱ्यानंतर छाटायचं एवढं मला माहीत होतं, म्हणून मी छाटायची, आणि फुटायची ती नुसती पानं.

मग मी मावशीकडे गेले. ती आता थकली आहे, मजुरीला जात नाही, मान तिला पूर्ण खाली घालता येत नाही. मी तिला हाताला धरून घरी आणलं आणि वेलापुढे खुर्ची टाकून बसवलं. तिने काड्या बघितल्या, एक बोटाने वाकवली, आणि मी कात्री पुढे केली तशी हात मागे घेतला.

"तुझ्या आईनं मला बजावलं व्हतं," ती म्हणाली. "पोरीला हे काम दावायचं नाय. मी तिला हो म्हणलं हाय."

तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुझा शब्द माझ्या अंगणात येऊन बसला होता. मी घरात गेले, चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत मी तुझ्याशी भांडत होते, आये. तू मला कात्रीपासून लांब ठेवलंस म्हणून माझ्या हातात खडू आला, हे मी कधी विसरले नाही. पण तू मला वाचवलंस ते मुकादमापासून, वेलापासून नाही. तुझ्या हातांना जे येत होतं ते सगळं तुझ्याबरोबर जाऊ द्यायचं, हे मला कबूल नव्हतं. बाहेर येऊन मी मावशीला कप दिला आणि सांगितलं, "मला कुणी मजुरीला नेणार नाही आता. हा माझ्या दारातला वेल आहे. तू दाखवलं नाहीस तर मी चुकत चुकत शिकेन, पण सोडणार नाही."

मावशीने चहा संपवला. मग म्हणाली, "तिच्यासारखीच हाय तू. मी हात लावणार नाय. मी सांगते, तू काप."

तर असं. ती खुर्चीवरून सांगत होती, मी कापत होते. मी इतकी वर्षं काडी फार मागे, बुंध्याजवळ कापत होते. घड काडीच्या मागच्या डोळ्यांत, म्हणजे जिथून फूट येते त्या गाठींत, नसतो, पुढच्या डोळ्यांत असतो, म्हणून काडी लांब राखायची. कुठली काडी पिकलेली, कुठली कच्ची, ते वाकवून बघायचं. एकदा मी चुकीची काडी धरली तर मावशी म्हणाली, तुझ्या आईनं ही ठेवून ती काढली असती. मला एकदम रडू आलं, आणि मी तिच्याकडे पाठ करून ती काडी काढली.

काही दिवसांनी डोळे फुगले, फुटले, आणि कोवळ्या फुटीला हिरव्या मोहरीसारखे बारीक घोस दिसले. मी शाळेतून धावत घरी यायची. पण फुलोऱ्यातच अवकाळी पाऊस आला. तोही पूर्वेकडून, ज्या बाजूने कधी येत नाही. शाळेत बसून मी खिडकीतून बघत होते आणि माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. शेवटी मधल्या सुट्टीत सरांना सांगून घरी पळाले. ते, ज्यांनी मला पेठच्या बाजारात पाठवलं होतं, तेच म्हणाले, जा बाई, वर्ग मी बघतो. घरी येऊन बघते तर नवरा शेतातून आधीच आलेला, शिडीवर चढून पत्र्याला ताडपत्री बांधत होता, चिंब भिजलेला. मी खालून दोर ओढून धरला. पाऊस उघडेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. बरेच घोस गळाले. उरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

ते मी विरळले, आये. कात्री लहानच आणली होती, तुझी होती तशी. डाव्या हातात घड, मान वर. पहिल्याच घडाला मान दुखायला लागली. तू दिवसभर, महिना महिना, अशी उभी असायचीस. हे मला माहीत होतं, पण माझ्या मानेला माहीत नव्हतं. मी थांबले नाही. सगळे घड पुरे केले आणि मगच खाली बसले.

मग थंडी पडली. पूर्वेच्या भिंतीला ऊन दुपारपर्यंतच. मणी वाढायचे थांबले, पानांच्या कडा तांबूस झाल्या. मी पहाटे उठून भाताच्या तुसाचा धूर करायला लागले. नवरा म्हणाला, चार घडांसाठी कोण एवढं करतं. पण तोच तुसाची गोणी ओट्यापाशी आणून ठेवायचा. उन्हं वाढली तशी मण्यांना काच आली, त्यांच्यातून उजेड दिसायला लागला. बुलबुलांना ते माझ्याआधी कळलं, म्हणून घडांना मच्छरदाणीचे तुकडे बांधले. मावशीने निरोप पाठवला होता, अजून थांब, डोंगरावर उशीर लागतो, पाडव्याच्या आधी हात लावू नको.

शिमग्याला सगळे गावात असतात. मळ्यांवर गेलेलेसुद्धा सणाला वर येतात. मी त्याच दिवशी घड कापले. ताटात घालून घरोघर नेले, मोठ्या सरांनाही दिले, माझ्या वर्गातल्या, सणापुरत्या परत आलेल्या पोरींना दिले. प्रत्येकाला दोन-तीन मणी आले असतील. लोक ताटाकडे बघायचे, मग डोंगराकडे बघायचे. कसं आहे, असं मी कुणाला विचारलं नाही, मीच सांगत गेले. मावशीने एक मणी तोंडात ठेवला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, द्राक्ष हाय.

एक घड मी तुझ्या नावाने केळीच्या पानावर ठेवला आणि ज्या दगडापाशी आपण नैवेद्य दाखवतो तिथे ठेवून आले. आता हे लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायला मला दुसरं कुणी नको आहे, म्हणून हे इथेच राहील. मावशीने सांगितलेली एप्रिलची दुसरी छाटणी जवळ आली आहे. कात्रीला धार लावून ठेवली आहे.

सगळ्यांना मी सांगितलं की द्राक्षं गोड झाली. तुला खरं सांगते: आंबट होती. माझ्याच्याने पाडव्यापर्यंत थांबवलं नाही.