पग की पामेरियन

रोनक,

लड्डूला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे चालले आहे, रिक्षा खाली उभी आहे. मम्मीजी सामायिकाच्या ध्यानाला बसल्या तेव्हा त्यांनी त्याला गॅलरीत काढून दार लावलं. मी बाजारातून आले तर तो उन्हात फरशीवर आडवा पडलेला, जीभ निळी पडलेली. ध्यान मोडून त्यांना उठता येत नाही, ते मला माहीत आहे. पण दाराबाहेर तो मरायला टेकलाय हे त्यांना कळलंच नाही, कारण तो भुंकलाच नाही.

मी पामेरियन म्हणत होते. तू म्हणालास, तो दिवसभर भुंकेल, मम्मीजींच्या सामायिकात व्यत्यय येईल, पग शांत असतो. चपट्या नाकाच्या कुत्र्याला जळगावचा मे महिना सोसत नाही, हे तुला किती वेळा सांगितलं. मोबाइलमधून मान वर न करता तू 'कूलर आहे ना' म्हणालास, आणि मी शिरपूरला माहेरी गेले तेव्हा पग घेऊन आलास. पामेरियनने आज अख्खी गल्ली गोळा केली असती.

मम्मीजींना एक शब्द बोलू नकोस, त्या मघापासून रडताहेत. खिचडी झाकून ठेवली आहे, दिवस मावळायच्या आत त्यांना वाढ, नंतर त्या खाणार नाहीत. मला फोन करून 'शांत हो' म्हणू नकोस. या घरात आवाज नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असंच तुला वाटत आलंय.

वाढून झालं की दुकानात पळू नकोस. मी आले की भुंकणार आहे.

रूपल