सात नंबरच्या मशीनवर तळहात टेकल्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
सीमाभाग मराठी टंकलेखन परीक्षा समिती,
विभागीय कार्यालय, निपाणी.

विषय : टायपिंग करताना लॅपटॉपचा टचपॅड बंद न ठेवल्यामुळं नापास झालेल्या कु. मनिषा यल्लाप्पा कामकर (रा. वडगाव, बेळगाव) हिची ३१ मार्चच्या आत फेरपरीक्षा घेणेबाबत.

संदर्भ : १) मनिषाचा दि. २० जानेवारी २०२५ चा अर्ज.
२) आपलं दि. ३ मार्चचं उत्तर, जे सही करण्याआधी आपण वाचलेलं नसावं.

महोदय,

१. सदर अर्ज मनिषा करत नसून तिची मैत्रीण करत आहे, कारण एका उमेदवारानं एकदाच अर्ज करायचा असा आपला नियम आहे. मैत्रिणीनं करू नये असा नियम अजून निघालेला नाही. तो निघायच्या आत म्हणून हे घाईघाईनं लिहिलंय, दम लागला तर समजून घ्यावं. अर्जदार त्याच दिवशी त्याच खोलीत परीक्षेला होती आणि पास झाली. कशी झाली तेही पुढं येईल. ते वाचून आपल्याला अभिमान वाटेल असं नाही.

२. मनिषा कोण, हे आपल्याला बैठक क्रमांकावरून कळत नाही म्हणून सांगावं लागतं. वडगावात तिच्या घरी दोन पॉवरलूम आहेत आणि दहावीपासून ती मागावर उभी राहते. विणलेली साडी गुंडाळत येते तिथं कापडावर तळहात सपाट ठेवायचा, ही त्या घरची रीत. धागा तुटला की डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळतं. तिचे आप्पा, म्हणजे यल्लाप्पा, एका हातानं चहा पितात तेव्हासुद्धा दुसरा हात कापडावर असतो. तीच सवय मनिषाला टायपिंगला लागली. बोटं पळतात आणि तळहात खाली टेकलेला. क्लासमध्ये साधा कीबोर्ड होता, त्याच्याखाली लाकडी टेबल होतं, टेबलानं कधी तक्रार केली नाही. तिचा वेग मिनिटाला बेचाळीस शब्द. शहापूरच्या एका सहकारी संस्थेत तिची क्लार्क म्हणून निवड झालीय. फक्त आपलं तीस शब्दांचं प्रमाणपत्र ३१ मार्चच्या आत दाखवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. प्रकरण एवढंच आहे. समितीनं ते मोठं केलं.

३. यंदा समितीनं जुने कॉम्प्युटर काढून लॅपटॉप आणले आणि त्यांच्यावर लिनक्स ही सिस्टीम घातली. लिनक्सबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही, ते बिचारं सांगितलेलं ऐकतं. सांगणारा पाहिजे. लॅपटॉपला कीबोर्डच्या खाली, बरोबर तळहात टेकतो तिथं टचपॅड असतो. त्याला हात लागला की कर्सर उडी मारतो आणि पुढचं टायपिंग भलत्याच ओळीत जाऊन पडतं. असं होऊ नये म्हणून सेटिंगमध्ये एक टिक असते, टायपिंग चालू असताना टचपॅड बंद. एक टिक. अंगणवाडीतलं पोर मारेल. समितीत चौदा सदस्य आहेत.

४. दि. १२ जानेवारीला मनिषाला सात नंबरचं मशीन मिळालं. तीन ओळी ती लई झकास चालली होती. मग चौथ्या ओळीचं शेपूट जाऊन वरच्या 'महोदय'च्या पोटात बसलं. तिनं ते काढलं, परत टायपिंग, परत उडी. तिनं हात वर केला. केंद्रप्रमुख मार्तंड हेरेकर सर खिडकीतून स्वतःच्या मोटारसायकलीकडं बघत बसले होते, त्यामुळं यायला वेळ लागला. मनिषा म्हणाली, "सर, हा पॅड तेवढा बंद करा की, कर्सर पळतोय." सर म्हणाले, "पळतोय तर धर त्याला." चार नंबरवरून अर्जदारानं सांगितलं की सेटिंगमध्ये टिक हाय, तेवढी मारली की झालं. तेव्हा सर अर्जदाराकडं वळले. "तू कुठली गं?" अर्जदार म्हणाली, हिंडलग्याची. "एवढा मोठा जेल हाय गावात, तरी शिस्त शिकली न्हाईस व्हय? आणि लिनक्सला तसलं कायबी नसतंय. फुकटचं हाय ते. फुकटच्यात कसल्या सोयी मागता?" असे हे आपले केंद्रप्रमुख. मशीन त्यांच्याच ताब्यात असतात.

मनिषानं मग स्वतःच डोकं चालवलं. प्रवेशपत्राची चौपदरी घडी करून पॅडवर ठेवली. दोन मिनिटं कर्सर जागच्या जागी. तेवढ्यात सरांनी ती घडी उचलली, उलगडली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी वाचली आणि कॉपी म्हणून जप्त केली. त्या कागदावर मनिषाचं नाव होतं, मनिषाचा फोटो होता आणि खाली सरांची स्वतःची सही होती. "हात वर धरून मार," सर म्हणाले, म्हणून उरलेला वेळ तिनं हात अधांतरी धरून टायपिंग केलं. खांदे भरून आले, बोटं शेजारच्या कळांवर पडायला लागली. चुका एकसष्ट. नापास.

५. परीक्षा संपल्यावर अर्जदारानं सात नंबरवर, सरांच्या डोळ्यांदेखत, माऊस आणि टचपॅडचं पान उघडून ती टिक मारली. दहा सेकंद लागले. मग मनिषाला बसवलं. तिनं तळहात टेकून पानभर मजकूर मारला, कर्सर कुठं हलला नाही. सर वाकून बघत होते. म्हणाले, "व्हय की गं. पण आता परीक्षा संपली न्हवं." आणि त्यांनी टिक काढून टाकली. मशीन जसं होतं तसं परत द्यायचं असतं म्हणे.

६. त्यानंतर मनिषानं रीतसर अर्ज केला. समितीनं टचपॅडबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं काय, तर उमेदवाराच्या तळहाताचं माप, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी. मनिषा गेली. डॉक्टर म्हणाले, "कशाला गं, हातमोजे शिवून देणार हायेत काय तुला?" तरी त्यांनी टेप लावून माप लिहून दिलं. हात नेहमीएवढाच आहे. चौदा सदस्यांनी त्या मापाचं पुढं काय केलं, हे अजून कळलेलं नाही.

७. आणि मग आपलं उत्तर आलं. ते आप्पांनी आधी फोडलं. स्वतःचा पत्ता कोण वाचत बसतंय, म्हणून त्यांनी खालचा मजकूर वाचला. मजकूर असा : "आपला फेरपरीक्षेचा अर्ज समितीने विचारात घेतला असून". त्याच्यापुढं काही नाही, थेट आपली सही. आप्पांना वाटलं, झालं काम. त्यांनी दोन्ही माग बंद केले, सणालासुद्धा ते बंद करत नाहीत, आणि कुंदा आणून आख्ख्या गल्लीत वाटला. संस्थेच्या सेक्रेटरींना जाऊन सांगून आले, "पोरीची परीक्षा परत घ्यालेत, जागा धरून ठेवा."

मनिषा घरी आली. तिनं पत्र वरपासून वाचलं. वर लिहिलं होतं : "कु. मनिषा यल्लाप्पा उमेदवाराच्या हाताची ठेवण चुकीची असल्याने तो फेटाळण्यात येत आहे कामकर, रा. वडगाव". महोदय, आपल्या कार्यालयात कुणाचा तरी तळहात टेकला. कर्सर उडाला आणि आपला निर्णय जाऊन तिच्या नावाच्या आणि आडनावाच्या मधी पडला. हात चुकीचा ठेवला म्हणून नापास, हे ज्या कागदावर लिहिलं तोच कागद हात तसाच ठेवून टाईप केलेला. आणि आपण त्याच्यावर सही केलीत, हिरव्या शाईनं, तारखेसकट.

तिनं आप्पांना लगेच सांगितलं नाही. गल्लीतली माणसं अजून तोंड गोड करून जात होती. तिनं जाऊन एक माग परत चालू केला, कापडावर हात ठेवला, आणि दहावीपासून पहिल्यांदा तुटलेला धागा तिच्या हाताखालून तसाच निघून गेला. वीतभर साडी खराब झाली. आप्पांनी कापड बघितलं, मग तिचं तोंड बघितलं, आणि विचारलं, "काय लिहिलंय गं त्यात?"

८. आता अर्जदार कशी पास झाली ते. चार नंबरच्या मशीनचा टचपॅड मेलेला आहे. त्याच्यावर मुठी आपटल्या तरी कर्सर हलत नाही. अर्जदाराचा वेग एकतीस, मनिषाच्या पुढं ती कुठंच नाही. म्हणजे आपल्या केंद्रात चालत्या मशीनवरचा माणूस नापास होतो आणि बिघडलेल्या मशीनवरचा पास होतो. असली परीक्षा घ्यायला चौदा माणसं कशाला लागतात, एक पुरे झाला असता.

९. तरी विनंती अशी की, मनिषाची फेरपरीक्षा ३१ मार्चच्या आत घ्यावी. ती टिक मारून घ्यावी, किंवा टिक मारणं समितीला झेपत नसेल तर तिला चार नंबरवर बसवावं. हे दोन्ही जमत नसेल तर अर्जदारालाही नापास करावं. तिचं मूळ प्रमाणपत्र सोबत परत जोडलं आहे. मनिषाला जे मिळालं नाही ते मेलेल्या पॅडवर मिळवून घरात लावायची तिला लाज वाटते. आपल्याला वाटत असेल असं पत्रावरून दिसत नाही.

१०. उत्तर कृपया हातानं लिहून पाठवावं. आप्पा आता पत्त्यापासून वाचतात.

आपली, आजच्या तारखेपर्यंत नम्र,

(सही)
तेजस्वी मुतगेकर
रा. हिंडलगा, ता. जि. बेळगाव
दि. १० मार्च २०२५

सोबत :
१) आपलं दि. ३ मार्चचं पत्र, झेरॉक्स. मूळ प्रत आप्पा देत नाहीत.
२) मनिषाच्या तळहाताचं माप, डॉक्टरांच्या सहीचं, दुसऱ्यांदा.
३) अर्जदाराचं प्रमाणपत्र, मूळ.
४) सात नंबरच्या मशीनवर टिक कुठं असते त्याचं चित्र, पेन्सिलनं काढलेलं. हेरेकर सरांनाही दाखवावं.